पिवळ्या खोलीबाहेर

ताईने दाराच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि चार बोटं वर केली. आत पिवळ्या दिव्याखाली बसलेल्या मुलीने मान वळवली, मास्कआडून काहीतरी लांबलचक बोलली, आणि आपलं बोलणं बाहेर पोचत नाही हे लक्षात आल्यावर तिनेही चार बोटं वर केली. चौथी रांग. ताईने मान डोलावली. मुलीने पिपेट उचललं आणि चौथ्या रांगेतल्या एकेका खळग्यात थेंब सोडत पुढे सरकली.

गेले कित्येक आठवडे प्रयोग असा खाणाखुणांवर चालला होता. प्रयोग ताईचा, हात टिटवीचे. टिटवी हे तिला सरांनी दिलेलं नाव. ती इथे आली त्याच आठवड्यात सर म्हणाले होते की या मुलीच्या तोंडाला झाकण नाही, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. टिटवीला त्याचं काही वाटत नसे. तिला कशाचंच फारसं वाटत नसे, म्हणून तर ती सगळ्यांना आवडायची.

खोली पिवळी होती ती दिव्यांमुळे. तिथे जी संयुगं हाताळली जात ती पांढऱ्या उजेडात बिघडत. पेशीच्या केंद्रात काही रिसेप्टर असतात. जीवनसत्त्व ‘अ’पासून शरीरात तयार होणारं रेटिनॉइक आम्ल त्यांना जाऊन चिकटलं की मिटून बसलेली जनुकं उघडतात, आणि नुसतीच वाढत सुटलेली पेशी आपण कोण व्हायचं ते ठरवते. या आम्लाचं काम त्याच्याहून नेमकेपणाने करील असं संयुग बनवण्यात ताईच्या उमेदीची वर्षं गेली होती. शेहेचाळीस संयुगं वाया गेली. सत्तेचाळिसावं चिकटलं, आणि तेही हव्या त्याच एका रिसेप्टरला. पण त्याचे नखरे भलते. उजेड सोसत नाही, ऊब सोसत नाही, पाण्यात विरघळत नाही. फॉइलमध्ये गुंडाळून गारठ्यात झोपवावं लागतं. सगळे त्याला जावई म्हणत. सकाळी कुणीतरी ओरडायचं, “जावई उठले का?” आणि दुसरं कुणीतरी म्हणायचं, “उठलेत, पण अजून बोलत नाहीत.”

दारावर एक पाटी होती. दिवस गेलेल्या, किंवा जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. गर्भात पाठीचा कणा कुठे, हात कुठे, हृदयाचे कप्पे कसे, हे ठरवण्यात याच आम्लाचा हात असतो. ते अवेळी किंवा जास्त मिळालं तर सगळं चुकत जातं. पाटीतल्या ‘शक्यते’कडे कुणी लक्ष देत नसे. दिलं असतं तर अर्ध्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं असतं. दिवस गेल्याचं मात्र सगळ्या पाळत, आणि ते पाळण्याची एक रीत पडून गेली होती. कुणी काही जाहीर करत नसे. बाई एके दिवशी आपल्या संयुगांचा डबा दुसरीच्या हातात द्यायची आणि दुसरी काही न विचारता तो घ्यायची. एवढ्यात सगळं सांगून व्हायचं.

गोची अशी की परत येण्याचीही तीच एक रीत होती. पोट न दिसता, रजेवर न जाता जी बाई पुन्हा पिवळ्या खोलीत शिरते तिचं काय झालं हे कुणाला सांगावं लागत नाही. ताई अशी दोनदा शिरली होती. पहिल्या वेळी साऱ्या टेबलांवरचे हात थांबले. कुणीतरी न मागता चहा आणून ठेवला. एरवी रोज खेकसणाऱ्या सरांनी आठवडाभर तिच्या कामाची स्तुती केली, आणि ती स्तुती ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी वेळ त्याहून वाईट गेली. दुसऱ्या वेळी कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

हे तिसरं होतं, आणि तेही गेलं होतं.

दहाव्या आठवड्यात, एका सुट्टीच्या दिवशी, फार दुखलंसुद्धा नाही. ताप आहे सांगून ती घरी राहिली आणि मग मनाशी पक्कं करून कामावर आली, की आज टिटवीला दिलेला डबा परत मागायचा, जे व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. टिटवी जिन्यापाशीच उभी होती.

“ताई, जिन्याने आलात? लिफ्ट काय शोभेला लावलीय का? आणि मी तुमच्या खुर्चीवर उशी ठेवलीय, ती सरांना देऊ नका, ते मागतील.”

आतून सरांचा आवाज आला, “ताई, नायट्रोजनच्या टाकीला हात लावायचा नाही हं. पोरांना सांगा.”

“हो,” ताई म्हणाली.

एवढंच म्हणाली. तेव्हा तिला ती नुसती वेळ मारून नेल्यासारखी वाटली. पण त्या एका ‘हो’ला दुसऱ्या दिवशी दुसरं ‘हो’ लागलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. मग तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं लपवत नाही आहोत. घरी सगळं संपलं होतं. घरी रिकामी कूस, गोळ्यांची पाकिटं आणि आवाज न करता दारं लावणारा नवरा होता. इथे मात्र ते अजून होतं. इथे तिला कुणी वाकू देत नव्हतं. इथे तिच्यासाठी खिडकी उघडली जायची, तिच्या वाट्याचं ओझं दुसरं कुणी उचलायचं. दिवसातले आठ तास ते जिवंत असायचं, आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना ती त्याला पुन्हा एकदा गमवायची. कुठल्याही शहाण्या बाईने असं केलं नसतं. ताईला हे कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. वह्या तपासता तपासता त्याने एकदा विचारलं.

“सांगितलंस का तिथे?”

“सांगते.”

“अगं पण आता पोट दिसायला पाहिजे लोकांना. कधीतरी हिशेब लागणारच ना.”

“माझी आई म्हणायची, आमच्याकडे सातव्यापर्यंत दिसत नाही.”

त्याने लाल पेनाचं टोपण लावलं. ती हसण्यावारी नेतेय की खरंच म्हणतेय हे त्याला कळेना. ती खरंच म्हणत होती.

आठवडे मोजावे लागत. टिटवी विचारायची ना! जेवणाच्या सुट्टीत ती समोर बसून आपला डबा बाजूला सारायची आणि म्हणायची, “आता केवढं झालं असेल हो? लिंबाएवढं?”

“लिंब मागेच झालं.”

“मग?”

“संत्रं. लहानसं.”

“अरे वा, संत्रं!” टिटवी आपल्याच ओंजळीकडे बघत म्हणायची, जणू तिथे ते ठेवलंय. “हात हलवत असेल ना?”

“हलवत असेल. कळत नाही अजून.”

हे बोलताना ताईचा आवाज जराही हलत नसे. गर्भाची वाढ हा तिचा विषय होता. वर्गात फळ्यावर तिने तो इतक्यांदा काढला होता की एका नसलेल्या मुलाला आठवड्या-आठवड्याने वाढवणं तिला मुळीच जड गेलं नाही.

टिटवी मात्र हल्ली जरा उतरलेली दिसायची. सकाळी उशिरा यायची, आल्याबरोबर तोंड धुवायची. पिवळ्या खोलीत जाताना एकावर एक दोन हातमोजे चढवायची. ताईला वाटलं, पोरीला शिस्त लागली. कामाचा ताणही होताच. एकटीनेच सगळं ओढत होती बिचारी. दर तिसऱ्या दिवशी पेशींचं पोषणद्रव बदलायचं, जावयाचं मूळ द्रावण वितळवायचं, हजारपट पातळ करायचं, रांगांमध्ये घालायचं. ताईच्या मनात एकदा येऊन गेलं की हिला किती राबवतोय आपण. तेवढ्यात टिटवीने काचेआडून अंगठा दाखवला, आणि तो विचार तिथेच राहिला. ही बॅच संपली की सांगू, असं ताईने ठरवलं. मागच्या बॅचलाही तिने हेच ठरवलं होतं.

त्या दुपारी ती सूक्ष्मदर्शकाची चित्रं पडद्यावर उघडून बसली होती. पहिल्या रांगेत काही नाही, गोल गोल पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या. दुसरीत तेच. तिसरीत एखाद-दुसरी टोकाला निमुळती. चौथी रांग उघडली आणि तिचा हात माऊसवर थिजला. पेशींना तंतू फुटले होते. लांब, बारीक, फाटे फुटलेले तंतू, एका पेशीतून दुसरीकडे गेलेले. मूलपेशींच्या चेतापेशी होऊ लागल्या होत्या, तेही इतक्या कमी मात्रेत की तिने ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली. जावई अखेर बोलले होते.

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या पायात बळ आलं. ती उठली, जवळजवळ धावतच पिवळ्या खोलीपाशी गेली आणि हाताच्या पंजाने काचेवर थाप मारली.

आत टिटवी दचकली. तिच्या हातात मूळ द्रावणाची नळी होती, नुकतंच झाकण काढलेली.

थाप मारून हात खाली यायच्या आतच ताईला नळी कलंडलेली दिसली. टिटवीने हात वर उचलला, तेच चुकलं. द्रावण हातमोज्यांवरून ओघळत मनगटाकडे, आणि मोजे व कोटाची बाही यांच्या मध्ये जी दोन बोटं उघडी कातडी राहते तिथून आत गेलं. तिने कोपराने दार ढकललं.

“बाजूला व्हा ताई! जावई सांडलाय. बाजूला व्हा म्हणते ना!”

ती हात लांब धरून, ताईला वळसा घालून मोरीकडे पळाली. कोपरानेच नळ सोडला. भिजलेला मोजा मनगटाला चिकटून बसला होता आणि एका हाताने तो निघेना. ताई मागे आली.

“जवळ येऊ नका! तुमच्या अंगावर उडेल. कुणाला तरी हाक मारा, तुम्ही नको.”

ताईने उघड्या हाताने तिचं मनगट धरलं आणि दोन्ही मोजे एकदम खाली ओढून काढले. बाही कोपरापर्यंत फाटली तरी वर सारली, साबण घेतला, चोळायला लागली.

“अहो ताई, मोजे! तुमचे मोजे कुठायत?”

“राहू दे.”

“राहू दे काय? सोडा मला! बाळाला काही—” टिटवी हात सोडवायला धडपडत होती आणि दुसऱ्या हाताने ताईच्या पोटावर उडणारं पाणी अडवत होती. तो ओला पंजा पोटासमोर आडवा धरलेला पाहिला आणि ताईचा धीर सुटला.

“काही नाही होणार त्याला. ते नाहीये.”

पाणी वाहत राहिलं. टिटवीची धडपड थांबली. तिने ताईच्या उघड्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“कधी?”

“ताप आला होता ना मला. तेव्हा.”

टिटवीने मनाशी मागे मोजलं. ओठ हलताना दिसले. लिंबू, संत्रं, उशी, लिफ्ट, सगळं तिने मोजून पाहिलं असेल. ती चिडेल असं ताईला वाटलं. निदान रडेल. ती अगदी हळू बोलली, आणि हळू बोलायची तिला सवय नव्हती.

“म्हणजे तेव्हापासून तुम्ही आत येऊ शकत होतात.”

“हो.”

“मला वाटलं, तुम्हाला येता येत नाही.”

“टिटवे, मी—”

“परवा पट्टीवर दोन रेघा आल्या माझ्या,” टिटवी म्हणाली. “संशय होताच आधीपासून. पण म्हटलं, दोघी बाहेर बसलो तर जावयाकडे बघणार कोण? सर हे काम वरच्या मजल्यावरच्यांना देऊन मोकळे होतील. तुमचं इतक्या वर्षांनी नीट चाललंय. माझं काय हो, आत्ता तर लग्न झालंय. एक गेलं तर दुसरं होईल. असं वाटलं मला.” तिने नळाखालचं मनगट पालथं केलं. “ही बॅच झाली की सांगणार होते.”

ताईने साबण पुन्हा लावला. कातडी लाल झाली होती तरी ती चोळत राहिली. शेवटी टिटवीनेच कोपराने नळ बंद केला.

“बास ताई. आत जायचं ते गेलं असेल, नाही ते वाहून गेलं.”

“आपण डॉक्टरकडे जाऊ. आत्ता.”

“डॉक्टरला काय ठाऊक? त्याला आपणच सांगायचं ना, जावई काय करतो ते.”

खरंच होतं. जगात याचं उत्तर कुणाला विचारावं अशी एकच बाई होती, आणि ती ओल्या हातांनी तिथेच उभी होती.

दोघी कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या, कारण आता वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. जावई ज्या द्रावकात विरघळवत त्याचा एक गुण इथल्या प्रत्येकाला माहीत होता. तो कातडीतून सरळ आत शिरतो, आणि त्यात जे काही विरघळलेलं असेल त्यालाही बरोबर घेऊन जातो. शिरल्याची खूण एकच. थोड्या वेळाने तोंडात लसणाची चव येते, लसूण न खाता. नव्या मुलांना हे गंमत म्हणून सांगत. चव आली नाही तर निभावलं म्हणायचं.

ताईने टिटवीचा ओला हात आपल्या हातात धरला होता. टिटवीने तो राहू दिला.

“ताई, सहाव्या आठवड्यात काय काय होत असतं?”

पाठीच्या नळीची टोकं नुकतीच मिटलेली असतात. हृदय धडधडतं पण त्याच्या कप्प्यांमध्ये भिंती पडायच्या असतात. हातांचे अंकुर फुटतात. तोंडाचे दोन भाग अजून जुळायचे असतात. नेमक्या याच दिवसांत जावयासारख्याने आत येऊ नये, हे वाक्य ताईने स्वतः लिहिलेल्या प्रकरणात होतं आणि टिटवीने त्याची मुद्रितं तपासली होती.

“फार काही नाही,” ताई म्हणाली. “थेंबच होता.”

“हो ना. थेंबच होता.”

सर आपल्या खोलीतून तरातरा बाहेर आले. चित्रं त्यांच्याही पडद्यावर गेली होती.

“ताई, चौथी रांग बघितलीत? अहो तंतू बघा, तंतू! इतक्या कमी मात्रेत कुणाला जमलं नाही हे आजवर.” मग त्यांना त्या दोघी खाली बसलेल्या दिसल्या. “हे काय? टिटवे, ताईंना अशा गार फरशीवर बसवतात का? काही काळजी आहे की नाही?”

“चुकलं सर,” टिटवी म्हणाली.

सर हसले आणि कुणाला तरी फोन करायला निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

ताई आपल्या तोंडात ती चव शोधत होती. तिचेही हात उघडे होते, तिच्याही कातडीला ते लागलं होतं. यावी, असं तिला फार वाटलं. सगळं आपल्या अंगात उतरावं, कारण तिच्याकडे आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोंड कोरडं होतं. साबणाच्या वासाखेरीज तिथे काही नव्हतं.

शेजारी टिटवीने ओठ मिटले. जीभ टाळ्याला लावून पाहिली, आवंढा गिळला, थांबली, पुन्हा लावून पाहिली.

“आली?” ताईने विचारलं.

 टिटवीने आपला हात ताईच्या हातातून काढून घेतला आणि तोंडावर दाबून धरला.